मनगटाआधी छातीचा पट्टा

नाशिकच्या मैदानांवर पालक आणि प्रशिक्षकांमध्ये एक वाद रंगतो: सराव मनापासून करणाऱ्या मुलीला चाळीस हजारांचं स्मार्टवॉच घेऊन द्यावं का? एका बाजूचं म्हणणं, सावरपाड्याची कविता राऊत डोंगरवाटांवर धावूनच घडली आणि 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्यपदक घेऊन आली. दुसरी बाजू म्हणते, परदेशात सगळेच घालतात. नॉर्वेतल्या ऑस्लोहून पाहता घालतात हे खरं, पण कशासाठी, हे या वादात येतच नाही.

नॉर्वेच्या ज्या सरावपद्धतीची जगभर चर्चा आहे, तिच्यात धावण्याचा वेग घड्याळ ठरवत नाही. वेगाने धावायच्या दोन तुकड्यांमधल्या विश्रांतीत बोटाला किंवा कानाच्या पाळीला टोचून रक्ताचा थेंब घेतात, लॅक्टेट (जोराच्या धावेत स्नायूंतून रक्तात येणारा पदार्थ) मोजतात आणि वाढलं असेल तर पुढचा तुकडा हळू धावतात. घड्याळाकडे उरतं वेळ आणि नोंदी ठेवण्याचं काम. ऑस्लोच्या बिस्लेट स्टेडियमच्या प्रेक्षागृहाखालच्या बंदिस्त ट्रॅकवर तर जीपीएसचा काहीच उपयोग नसतो.

मनगटावरचा सेन्सर हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालच्या रक्तप्रवाहातले चढउतार वाचतो आणि त्यावरून हृदयाचे ठोके मोजतो. हात हलला की गोंधळ होतो. मिनिटाला 170-180 पावलं पडत असली की तो कधीकधी पावलांनाच ठोके समजतो. ठोके असतात 145 आणि पडद्यावर दिसतात 175. चारशे मीटरच्या तुकड्यात आकडा वर चढेपर्यंत तुकडा संपत आलेला असतो. थंडीत कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही हीच अडचण येते. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधलं तर फरक पडतो, पण वेगाच्या सरावाला तेवढं पुरत नाही.

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो. बांधण्याआधी त्याचे इलेक्ट्रोड पाण्याने ओले करायचे. कोरडा बांधला तर घाम येईपर्यंत आकडे उड्या मारतात. सरावानंतर धुवायचा, नाहीतर घामाचं मीठ साचतं.

ट्रॅकवर अंतरासाठी जीपीएसवर विसंबू नये. वळणावर तो कोपरे कापतो, आणि आठव्या लेनची एक फेरी 400 नव्हे, जवळजवळ 453 मीटर भरते. पहिल्या लेनमध्ये धावावं आणि रेषेवर लॅपचं बटण हातानेच दाबावं.

सगळ्यात जास्त नुकसान करतात ते घड्याळाने परस्पर ठरवलेले झोन, म्हणजे हलक्या-जड धावेसाठीचे ठोक्यांचे टप्पे. 220 वजा वय या कमाल ठोक्यांच्या सूत्रात दहा-बारा ठोक्यांची चूक सहज निघते, मग हलकी धाव हलकी राहतच नाही. त्यापेक्षा नीट वॉर्म-अप करून, पट्टा बांधून, एकटीने 30 मिनिटं टिकेल अशा जास्तीत जास्त वेगाने धावावं. शेवटच्या 20 मिनिटांचे सरासरी ठोके हा तिचा उंबरठा, त्यापुढे धाव फार वेळ टिकत नाही. झोन त्यावरून लावावेत. दर सहा-आठ आठवड्यांनी, त्याच वेळी आणि त्याच रस्त्यावर, ही चाचणी पुन्हा घ्यावी. एप्रिलच्या उन्हात त्याच वेगाला ठोके जास्त पडतात आणि घड्याळ तंदुरुस्ती घसरल्याचं सांगतं. ते मनावर घेऊ नये.

म्हणून घरच्यांना माझं सांगणं: चांगला पट्टा आणि त्याला जोडता येईल असं साधं घड्याळ घ्या, उरलेले पैसे बुटांवर आणि खाण्यावर खर्च करा. वहीत रोज लॅपची वेळ, ठोके आणि तिला धाव किती जड गेली ते दहापैकी आकड्यात लिहा. ठोके कमी दिसतात आणि ती मात्र नऊ म्हणते, असं झालं तर आधी पट्टा ओला करून पाहा. तो ठीक असेल तर त्या दिवशीचे उरलेले तुकडे रद्द करा.