पिपाणीवाल्याच्या पुढची पायरी

बेळगावात फुटबॉलच्या मॅचला जागा धरताना ऊन कुठून येतंय, शेंगावाला कुठं उभा आहे, हे सगळे बघतात. मागच्या पायरीवर कोण बसलंय ते कुणी बघत नाही. तिथं लांब प्लास्टिकची पिपाणी घेतलेला पोरगा असला तर संपलंच. वळून ‘काय करूलास रे?’ विचारलं तर ‘वाजवूलोय की!’ असं खरं उत्तर मिळतं. पुढं काय बोलणार?

ही पिपाणी म्हणजे वुवुझेला. 2010 च्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्ल्ड कपमध्ये टीव्हीतून गांधीलमाश्या उठल्यासारखा जो आवाज यायचा, तो हिचाच. साधारण 65 सेंटिमीटरची नळी, तिला भोकं नाहीत, आत थरथरणारी पत्ती नाही. नुसतं फुंकून वाजत नाही. शिंग वाजवतात तसे ओठ आवळून फुरफुरवावे लागतात. ओठ सेकंदाला सुमारे 233 वेळा थरथरले की तो एकच सूर निघतो. शिंगवाला निदान नवरदेव मांडवात शिरला की थांबतो. इथं एकाचा दम संपला की पिपाणी शेजाऱ्याकडे जाते, थुंकीसकट.

प्रेक्षकांच्या गाण्याचं वाटोळं होतं ते नुसत्या मोठ्या आवाजानं नाही. पुढ्यात बसलं तर 110 डेसिबलच्या वर मार बसतोच, पण त्या सुराच्या वरच्या पट्ट्या नेमक्या आपल्या स, त, क यांच्यावर येऊन बसतात. शब्दातला ‘आ’ तेवढा उरतो. आपण जयजयकार कुणाचा करतोय, हे गाणाऱ्यालाही समजत नाही. बरं, वीसपैकी दहा पिपाणीवाल्यांना चहाला बाहेर नेलं, तरी आवाज उतरतो 3 डेसिबल. बिल मात्र दहा चहांचं.

हलगीशी माझं भांडण नाही. हलगी आणि तिच्या साथीची घुमकं-कैताळ ही वाद्यं वाजताना थापेनंतर जागा सुटते, तिथं शब्द बसतो. मोठ्या मैदानावर तर ताल हवाच. आवाज सेकंदाला 340 मीटर चालतो. 100 मीटरवरच्या समोरच्या बाजूचं गाणं पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोचतं. त्यांचं ऐकून गायलात की लंगडलात. म्हणून हलगीवाला मधोमध, भोवती तीस-चाळीस जण चिकटून, गाणं दोनच ओळींचं. पट्टी मुद्दाम खाली धरायची, कारण दर फेरीला ती आपोआप चढते आणि शेवटी फक्त लहान पोरंच गात राहतात. पावसाळी हवेत कातडं ओल धरतं, आवाज भद्द होतो. मग कागद-पाचोळ्याच्या जाळावर शेकणं आलं. कातड्याऐवजी फायबरचं पान बसवलं तर ते शेकावं लागत नाही, पण त्याची थाप पोटात उतरत नाही.

युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, 2010 मध्येच आपल्या स्पर्धांतून पिपाणी हद्दपार केली. ब्राझीलनं 2014 च्या वर्ल्ड कपसाठी मऊ आवाजाचा खुळखुळा काढला, काशिरोला. 2013 मध्ये साल्वादोरच्या प्रेक्षकांनी तो मैदानात भिरकावला आणि त्याच्यावरही बंदी आली. हातात मावणारी वस्तू आणि हरणारा संघ एकत्र ठेवू नये, एवढं आपल्याकडचा कुठलाही पंच सांगेल.

कापसाचे बोळे घालून बघू नका, फारसा फरक पडत नाही. फोमचे बोळे चिमटीत वळून, कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटानं धरायचे. आणि गोलची वाट बघायची. गोल झाला की पिपाणीवाल्याला ओरडायला तोंड लागतं, तेवढाच विसावा. त्यामुळं मॅच 0-0 सुटण्यासारखी असली की मागं कोण बसणार याची मी चौकशी करूनच जातो.