सारांश मराठीतही हवा

कारखान्याला पर्यावरण मंजुरी देण्याआधी जी जनसुनावणी होते तिला लोक येत नाहीत, असं तुमच्या लेखात म्हटलंय. येऊन करणार काय? कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. 2006 च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यायचा असतो. इथं मराठी स्थानिकच आहे की! कारखान्याचं सांडपाणी कुठल्या नाल्यात सुटणार, हे वाचल्याशिवाय शेतकरी हरकत कशावर घेणार? आणि गणपूर्तीची, म्हणजे किमान इतके लोक हवेत अशी, अट नाही. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी सुनावणी झाली असंच धरतात. म्हणून सुनावणीला जायलाच हवं. शेवटी कामकाजाचा गोषवारा वाचून दाखवतात, तोवर उठू नका. आपला मुद्दा त्यात नसेल तर तिथंच उभं राहून घालून घ्या. लेखी हरकतही चालते; मराठीत लिहा, पोच घ्या.