अंड्याच्या ब्रेडने कोड उठत नाही

गेले अकरा दिवस आमच्याकडे दुपारी चारला तवा तापलेला नाही.

आई ७६ वर्षांची आहे. फेब्रुवारीत न्हाणीघरात घसरून पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की प्रथिनं पोटात गेलीच पाहिजेत, रोज एक अख्खं अंडं द्या. वरण ती दोन घास खाते. पनीर तोंडात नुसतं फिरत राहतं, कारण कवळी अजून नीट बसलेली नाही. एकच पदार्थ ती मागून घ्यायची, तो म्हणजे अंड्याचा ब्रेड. एक अंडं, पाव वाटी दूध, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड. त्यात कालच्या ब्रेडच्या दोन स्लाइस बुडवायच्या आणि साजूक तुपावर मंद आचेवर दोन्ही बाजू तांबूस करायच्या. आई बोटांनी तोडून खायची. आधी कडा, मधला मऊ भाग शेवटी.

मग तिच्या माहेरच्या ग्रुपवर तो मेसेज आला. ‘अंडं आणि ब्रेड : घराघरात शिरलेलं पांढरं विष.’ तुमच्याही एखाद्या ग्रुपवर आला असेल. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. दूध आणि अंडं एकत्र खाल्लं की अंगावर कोड उठतं. ब्रेडचा मैदा आतड्याला डिंकासारखा चिकटतो आणि २१ दिवस निघत नाही. ब्रेडमध्ये कॅन्सरचं रसायन असतं. पिवळा बलक हृदयाच्या नळ्या बंद करतो, तो फेकून द्या. अंडं खायचंच तर कच्चं प्या, शिजवलं की त्यातली ताकद मरते. उकडलेल्या बलकाभोवतीची हिरवी कडा म्हणजे विष. बाजारात निम्मी अंडी प्लॅस्टिकची. शेवटी, ‘आपली माणसं प्रिय असतील तर दहा जणांना पाठवा.’

दुसऱ्या दिवशी मी बशी पुढे ठेवली, तर आईने ती हलकेच सारली. “नको गं. दूध-अंडं एकत्र आलं की डाग पडतात म्हणे. या वयात अंगावर डाग घेऊन कुठे जाऊ?”

मामांना फोन केला. म्हटलं, मामा, तुम्ही हे पाठवण्याआधी निदान विचारायचं तरी कुणाला. ते म्हणाले, “अगं, आला म्हणून पुढे पाठवला. काळजीपोटीच ना.” काळजी खरी आहे, त्यावर माझी शंका नाही. पण त्या काळजीने माझ्या आईचं जेवण कमी केलं. तिच्या ब्लाउजच्या बाह्या आता दंडावर सैल पडायला लागल्या आहेत. म्हणून हे लिहितेय.

कोडापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्या एका वाक्याने केलंय.

आपल्या कातडीला रंग देणारं द्रव्य म्हणजे मेलॅनिन. ते तयार करणाऱ्या पेशी जिथे नष्ट होतात तिथे पांढरा डाग दिसतो. बहुतेक वेळा या पेशी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मारते. बाहेरून येणाऱ्या जंतूंशी लढायचं सोडून ती आपल्याच पेशींवर उलटते. काही घराण्यांत त्याची प्रवृत्ती असते. कोड असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना थायरॉइडचा त्रासही असतो, कारण तिथेही असाच घोटाळा होतो. जगात शंभरातल्या साधारण अर्ध्या ते एका माणसाला कोड असतं. यात दुधाचा संबंध नाही, अंड्याचा नाही, आणि दोन्ही एका भांड्यात फेटल्याचा तर नाहीच. पोटात गेल्यावर दुधातली आणि अंड्यातली प्रथिनं सारख्याच पद्धतीने तुटतात, त्यांचे बारीक तुकडे होऊन रक्तात जातात. पांढरं खाल्लं म्हणून कातडी पांढरी होत नाही.

दूध-अंड्याने कोड उठत असतं तर ते पहिल्यांदा दिसलं असतं पारशी समाजात. त्यांच्या लग्नात ‘लगन नू कस्टर्ड’ लागतंच, आणि ते दूध आटवून त्यात अंडी घालून भाजलेलं असतं. इराणी हॉटेलात कॅरॅमल कस्टर्ड पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं गेलं. आणि ज्या ग्रुपवर हा मेसेज आला, त्याच ग्रुपवर दर महिन्याला कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा फोटो येतो. बेकरीच्या साध्या केकमध्ये अंडं असतं, क्रीममध्ये दूध असतं. आई तो केक गेली तीस वर्षं खातेय.

‘आयुर्वेदात लिहिलंय’ असंही त्या मेसेजमध्ये आहे. ग्रंथ कोणता, अध्याय कोणता, काही नाही. चरकसंहितेत विरुद्ध आहाराची चर्चा आहे हे खरं, आणि दुधाबरोबर मासे खाऊ नयेत असं तिथे स्पष्ट म्हटलंय. ज्याला ते पाळायचं त्याने जरूर पाळावं. पण त्या आधारावर आजारी बाईच्या पुढची बशी ओढून घ्यायची असेल, तर आधी वचन दाखवा. अंड्याची अ‍ॅलर्जी असते, हेही खरं. लहान मुलांत ती जास्त दिसते. अंगावर लाल गांधी उठतात, खाज सुटते, कधी श्वासालाही त्रास होतो, आणि अशा मुलाला अंडं द्यायचं नाही, हे डॉक्टर सांगतातच. पण गांधी वेगळ्या आणि कोड वेगळं. सत्तर वर्षं अंडी पचवलेल्या बाईला अ‍ॅलर्जीची भीती घालण्यात अर्थ नाही.

मला जास्त राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. कोड हा संसर्गजन्य आजार नाही. तरी आपल्याकडे कोड असलेल्या मुलीचं लग्न अडतं, तिच्या हातचं पाणी लोक टाळतात. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन ही संस्था नेमकं या लाजेविरुद्ध काम करत आली आहे. आणि आपण मात्र एक मेसेज पुढे ढकलून कोड असलेल्या प्रत्येकाला म्हणतो की तुझ्या आईने तुला काहीतरी चुकीचं खायला घातलं. आईच्या माहेरच्या नात्यात एक मुलगी आहे. तिच्या हातावर नववीत डाग आले. तिच्या आईने वर्षभर तिला दूध, दही, लिंबू, केळं, अंडं काही दिलं नाही. डाग गेले नाहीत, पोर मात्र वाळली. नंतर त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं, तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते सगळं पथ्य बंद करण्याचं. ती मुलगीही त्याच ग्रुपवर आहे. तिने तो मेसेज वाचला असेल.

आता ब्रेड. इथे मला थोडं मागे सरावं लागतंय, आणि ते मी सरते. ब्रेडमधल्या रसायनाचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने ब्रेड, पाव, बन, पिझ्झाचे ३८ नमुने तपासले आणि त्यातल्या ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा पोटॅशियम आयोडेट सापडलं. ब्रोमेटने कणीक घट्ट होते, ब्रेड छान फुगतो, म्हणून ते घालत. माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या यादीत ते कित्येक वर्षांपासून आहे. पण पुढचं वाक्य मेसेजमध्ये नाही. जून २०१६ मध्ये आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पोटॅशियम ब्रोमेट परवानगीच्या यादीतून काढून टाकलं. तेव्हा नियम झालाय, तो पाळला जातोय की नाही यावर लक्ष ठेवायचं, पाकिटामागचे घटक वाचायचे, आणि ओळखीच्या बेकरीवाल्याला थेट विचारायचं. मी विचारते. तोही सांगतो.

मैदा आतड्याला २१ दिवस चिकटतो, हे मात्र साफ खोटं. ब्रेडचा एक तुकडा तोंडात घ्या आणि मिनिटभर चावत राहा. साखर न घालताही तो गोड लागायला लागतो. लाळेतल्या पाचकरसाने पिठूळ भागाची साखर व्हायला तिथेच सुरुवात झालेली असते. उरलेलं काम लहान आतड्यात होतं. आणि ज्या आतड्याला तो चिकटणार म्हणतात, त्या लहान आतड्याचं आतलं अस्तर स्वतःच तीन ते पाच दिवसांत झडून नवं येतं. चिकटायला २१ दिवसांची जागाच तिथे नाही. मैद्यात कोंडा नसतो, त्यामुळे चोथा कमी, पोट साफ व्हायला त्रास, रक्तातली साखर लवकर चढते, हे सगळं खरं. म्हणून रोज तीन वेळा पाव खाऊ नये. संध्याकाळच्या दोन स्लाइसनी काही होत नाही. मधुमेह असेल तर एक खा. आणि ब्राउन ब्रेड घेणार असाल तर पाकीट उलटं करून बघा. काही ब्रेड कॅरॅमलच्या रंगाने तपकिरी झालेले असतात, गव्हाच्या कोंड्याने नाही.

कच्च्या अंड्याची गोष्ट तर रोजच्या जिमवाल्या पोरांपर्यंत पोचलीय. यावर एक पक्का अभ्यास आहे, तो सांगते. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये तो प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेने लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढलेल्या पाच जणांना त्यांनी अंडी दिली, एकदा शिजवून, एकदा कच्ची. आतड्यातून न पचता बाहेर पडलेलं प्रथिन थेट मोजता येत होतं. शिजवलेल्या अंड्यातलं जवळजवळ ९१ टक्के प्रथिन पचलं होतं, कच्च्यातलं ५१ टक्के. म्हणजे कच्चं अंडं पिणारा जवळपास अर्धं प्रथिन वाया घालवतो. कारण अवघड नाही. प्रथिनाची लड घट्ट गुंडाळलेली असते, ती उष्णतेने उलगडते आणि पाचकरसाला तोडता येते. शिवाय कच्च्या पांढऱ्या भागातलं अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिन नावाचं जीवनसत्त्व धरून ठेवतं, शिजवल्यावर त्याची ती पकड सुटते. साल्मोनेला जंतूची भीती वेगळीच. ७६ वर्षांच्या माणसाला त्याचे जुलाब झाले तर दवाखान्यात भरती करावं लागतं. तेव्हा म्हाताऱ्या माणसाला कच्चं तर नाहीच, अर्धं कच्चंसुद्धा देऊ नका.

बलक फेकायचा सल्ला जुना आहे. १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेच आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक नकोत म्हटलं होतं, तेव्हा लोकांनी घाबरणं समजण्यासारखं होतं. एका मोठ्या अंड्यात साधारण १८६ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, आणि सगळं बलकात. पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं यकृत स्वतः बनवतं. त्यावर ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा वनस्पती तूप, लोण्यासारख्या घट्ट चरबीचा परिणाम जास्त होतो. अमेरिकेच्या २०१५च्या आहारविषयक सूचनांतून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकली गेली. ज्यांना मधुमेह किंवा हृदयविकार आहे, किंवा घराण्यातच कोलेस्टेरॉल फार चढतं, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच किती खायचं ते ठरवावं. बाकीच्यांनी बलक फेकला, तर अंड्यातल्या सहा ग्रॅम प्रथिनातलं जवळजवळ निम्मं जातं, आणि अ, ड जीवनसत्त्वं तर सगळीच जातात. हाड मोडलेल्या बाईला ड जीवनसत्त्व नाकारायचं, हे मला समजत नाही.

हिरवी कडा म्हणजे अंडं जास्त वेळ उकडलं. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ती होते. विष नाही. उकळी आल्यावर दहा मिनिटांत उतरवून गार पाण्यात टाका, कडा येत नाही.

प्लॅस्टिकच्या अंड्यांची अफवा २०१७ मध्ये कोलकात्यात उठली होती. अशी अंडी बनवण्याचं तंत्रच अस्तित्वात नाही, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. टरफलाआतला पापुद्रा जळतो म्हणून व्हिडिओ दाखवतात. तो प्रथिनाचा असतो, जळणारच. केस जळल्यासारखा वास येतो, तोच त्याचा पुरावा.

आता एवढं लिहिलंच आहे तर अंड्याच्या ब्रेडचं नीट सांगते, कारण तो लोक घाईने बिघडवतात. ब्रेड ताजा नको, कालचा घ्या. ताजा ब्रेड दुधात पडला की फाटतो, थोडा वाळलेला दूध-अंडं शोषून घेतो. बुडवताना एका बाजूला दहा सेकंद पुरे. आच मोठी केली की वरून करपतो आणि मध्ये अंडं कच्चं राहतं. मंद आचेवर झाकण ठेवून दोन मिनिटं, उलटून परत दोन मिनिटं. उलथन्याने मध्ये हलकं दाबून बघा. ओलं पाणी सुटलं तर अजून शिजायचंय. तूप चमचाभरच. गोड नको असेल तर साखरेऐवजी हिरवी मिरची, कोथिंबीर आणि किसलेलं आलं घाला. मीठ कमी, कारण ब्रेडमध्ये आधीच असतं.

काल रात्री हे सगळं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. कोडाचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. मग हातावर डाग असलेल्या त्या मुलीचं नाव घेऊन म्हणाली, “तिला फोन लाव आधी.” त्या दोघी अर्धा तास बोलल्या. फोन ठेवल्यावर म्हणाली, “उद्या चारला कर. एकच स्लाइस. आणि माझ्यासमोर बसून तूही खा.”