ध्रुवतारा झाडाआड असला तरी ट्रॅकर लावता येतो

नमस्कार,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: कोकणात ध्रुवतारा जेमतेम १७ अंशांवर, तोही सुरूच्या बनाआड. ट्रॅकर म्हणजे ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवणारं यंत्र, त्याचा फिरण्याचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या दिशेला लावावा लागतो. मग ज्या यंत्राची दिशाच लावता येत नाही ते घ्यायला सांगून मी पोरांना खर्चात पाडतो आहे. साध्या ट्रायपॉडवर छोटे छोटे फोटो काढून एकत्र केले की तेच हाती येतं.

शेवटचा मुद्दा १४ ते २४ मिमीच्या लेन्सपुरता मला मान्य आहे. तेवढीच लेन्स असेल त्याने ट्रॅकर घेऊच नये. पण १३५ मिमी लावून ज्येष्ठा ताऱ्याभोवतीचे रंगीत ढग टिपायचे म्हटलं, तर ट्रायपॉडवर दोन सेकंदांतच तारे लांबट होतात. तासाभराचा प्रकाश गोळा करायला असे १८०० फोटो लागतील. शिवाय आकाश तासाला १५ अंश सरकतं आणि फुल फ्रेम कॅमेऱ्यावर या लेन्सची चौकट साधारण तेवढीच रुंद. म्हणजे दर थोड्या वेळाने अंधारात चौकट पुन्हा जुळवत बसायचं.

आता ध्रुवताऱ्याचं. तो दिसल्याशिवाय ट्रॅकर चालत नाही हा समज खरंच मोडायला हवा. ट्रॅकर नसताना तारा सेकंदाला १५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. ट्रॅकरचा अक्ष पूर्ण एक अंश चुकला, तरी ही सरक फार तर पाव आर्कसेकंदावर येते. १३५ मिमीवर अर्ध्या मिनिटाच्या फोटोत ती एक-दीड पिक्सेल भरते. ते चालतं.

एक अंशापर्यंत पोचायला सूर्य पुरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दुपारीच सड्यावर, म्हणजे कातळाच्या मोकळ्या पठारावर जा, ओळंबा टांगा आणि मध्यान्हीला, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असताना, कातळावर पडलेल्या दोरीच्या सावलीवर खडूने रेघ मारा. ती खरी दक्षिणोत्तर, ट्रॅकरचा अक्ष तिच्यावरून उत्तरेकडे लावा. रत्नागिरीत मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. या महिन्यांत ती साधारण १२.२० ते १२.५० च्या दरम्यान असते. त्या दिवसाची वेळ ॲपमधून घ्या, कारण चार मिनिटांच्या चुकीने रेघ अंशाहून जास्त फिरते. मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो, सावलीच उरत नाही, म्हणून नेहमीच्या जागेची रेघ हिवाळ्यातच पक्की करून ठेवा. मोबाईलचं होकायंत्र ट्रायपॉडजवळ धरू नका, धातू आणि मोटर ते फसवतात. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणेच्या सड्यावर तर एका जागी कातळच सुईला भरकटवतो! अक्षाच्या उंचीचा कोन सोपा, तो म्हणजे तुमचा अक्षांश: हर्णैला १७.८, मालवणला १६.१. कोनमापकाचं ॲप त्याला पुरे.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे आणि तुम्ही ती मांडली असती तर मी लगेच मान डोलावली असती. अक्ष इतका आडवा असतो की प्रतिभार (कॅमेऱ्याचा तोल साधणारं वजन) फिरताना ट्रायपॉडच्या पायाला आपटतो. त्यासाठी दोन पायांमधली फट उत्तरेकडे ठेवा. विकत घेताना वेज (अक्षाचा कोन बदलणारा ट्रॅकरखालचा भाग) १५ अंशांपर्यंत उतरते का, हे आधी विचारा. स्टार ॲडव्हेंचरर टू-आय किंवा स्कायगायडर प्रो या ट्रॅकरची कागदावरची क्षमता ५ किलो असली, तरी वाऱ्यात मी निम्म्याच्या वर जात नाही. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, ट्रायपॉड रोवूच नका, तो हळूहळू खचतो आणि दुपारची सगळी मेहनत फुकट जाते. लेन्सला दवासाठी हीटरची पट्टी लागतेच.

तुमच्या अंगणातून दक्षिण मोकळी असेल तर आणखी बारीक जुळवणीही होते. दक्षिणेला, खगोलीय विषुववृत्ताजवळ (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या सरळ वर आकाशात असलेली रेषा), मध्यमंडलावरचा (डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवरचा) तारा धरा. तो दक्षिणेकडे घसरला तर अक्ष पूर्वेला जास्त गेलाय, उत्तरेकडे घसरला तर पश्चिमेला. त्याप्रमाणे थोडं थोडं फिरवत जा. एका संध्याकाळी करून पाहा आणि तारा कुठे घसरला ते मला कळवा, पुढचं आपण मिळून बघू.