गाडी चालवणाऱ्याची टस्कनी

परदेशात स्वतः गाडी चालवत केलेल्या सहलींची जी रसाळ वर्णने आपल्या कानांवर येतात, ती सगळी चालकाच्या शेजारी किंवा मागे बसलेल्या माणसांनी केलेली असतात, हे निघण्यापूर्वी कोणीही सांगत नाही. आमच्या गाडीत सौ. शेजारी आणि मेव्हणे सपत्नीक मागे, अशी व्यवस्था होती. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मी ठाण्याच्या आर.टी.ओ.मध्ये नमुना ४-अ भरून आणि हजार रुपये शुल्क देऊन काढला होता. मेव्हण्यांनी मात्र ‘एका गाडीला दोन परवाने कशाला?’ असा व्यवहारी प्रश्न विचारून स्वतःची खिडकी तेव्हाच पक्की केली होती. पंगतीत वाढप्याचे जे होते, तेच पुढे इटलीतल्या टस्कनी प्रांतात, फ्लॉरेन्स ते सिएना या रस्त्यावर माझे झाले.

घोडबंदर रस्त्यावर वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या माणसाला जगात कोठेही भय नाही, असे आमच्या घरचे मत आहे आणि ते अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मेट्रोच्या कामातून जेवढा रस्ता उरेल तेवढ्यातून वाट काढणे, गायमुखच्या चढावर कंटेनरच्या मागे चित्त शांत ठेवून बसणे, कापूरबावडीला रिक्षावाल्याच्या मानेच्या किंचित हालचालीवरून तो कोणत्या बाजूला घुसणार हे ओळखणे, ही विद्या कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. अडचण एवढीच की ही सारी विद्या माणसे वाचण्याची आहे आणि इटलीत पाट्या व पट्टे वाचावे लागतात. जमिनीवरचा पट्टा पांढरा असेल तर गाडी सहसा फुकट लावता येते, निळा असेल तर पैसे भरावे लागतात आणि पिवळा असेल तर ती जागा दुसऱ्या कोणासाठी तरी राखीव असते. गोल चौकात जो आधीच आत शिरला आहे त्याचा हक्क पहिला, बाहेरच्याने थांबायचे. माजिवडा नाक्यावर आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्न कधीच उद्भवलेला नसल्यामुळे मी पहिल्या चौकापाशी इतक्या सभ्यपणे थांबून राहिलो की मागच्या इटालियन गृहस्थांना हॉर्न वाजवावा लागला. शहरी वस्तीत तात्काळ धोका असल्याखेरीज हॉर्न वाजवण्यास तेथे मनाई आहे. मला पाहून त्यांना तसा धोका वाटला असावा.

महामार्ग त्या मानाने सोपा वाटतो. ऑटोस्ट्राडावर ताशी १३० किलोमीटरची मर्यादा आहे आणि पाऊस सुरू झाला की ती ११० वर येते. (आपल्याकडे पावसाळ्यात वेगमर्यादा खड्डे ठरवतात, त्यामुळे वेगळी पाटी लावावी लागत नाही.) मात्र कॅमेरा दिसला की ब्रेक दाबायचा आणि तो मागे पडला की पुन्हा पाय सोडायचा, ही आपली परंपरागत युक्ती तेथे अनेक टप्प्यांवर निरुपयोगी ठरते, कारण ‘ट्यूटर’ नावाची यंत्रणा दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजते.

सिएनाच्या दक्षिणेला असलेल्या व्हाल द’ओर्चा या खोऱ्याला युनेस्कोने २००४ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यामागचे कारण मला फार झोंबले. चौदाव्या-पंधराव्या शतकात सिएनाच्या अमलाखाली आल्यावर या मुलखाची नव्याने आखणी झाली, ती सुशासनाचा आदर्श दिसावा आणि डोळ्यांना सुखही व्हावे अशा हेतूने. म्हणजे ते उतार, ती शेते, टेकडीच्या माथ्यावरची ती गावे, हे सर्व सहाशे वर्षांपूर्वी कोणीतरी पाहण्यासाठीच मांडून ठेवले आहे आणि त्या सबंध खोऱ्यात पाहण्याची मनाई असलेला इसम फक्त मी होतो. ‘अहो, डावीकडे बघा ना!’ हे वाक्य सौभाग्यवती नेमके वळणावर उच्चारत आणि मी बघितलेच तर ‘अहो, पुढे बघा!’ हे वाक्य त्याच श्वासात येई. मागून मेव्हणे अधूनमधून म्हणत, ‘दाजी, जरा हळू घ्या, फोटो हलतोय.’

पण खरा धसका होता तो झेड.टी.एल.चा, म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या क्षेत्राचा. जुन्या शहरांच्या गाभ्यात परवानगीशिवाय खासगी गाड्यांना प्रवेश नाही. लाल वर्तुळाची एक पाटी आणि तिच्याजवळ एक कॅमेरा, एवढाच बंदोबस्त असतो. शिट्टी नाही, ‘साहेब, गाडी बाजूला घ्या’ नाही, त्यामुळे ‘आम्ही पाहुणे आहोत हो’ हे सांगण्याची सोयही नाही. फोनमधल्या बाईंना मात्र सगळ्यात जवळचा रस्ता नेमका या गाभ्यातूनच दिसतो. सिएनाने आपला गाभा १९६० च्या दशकातच गाड्यांना बंद केला. तेव्हा आम्ही गाडी तटाबाहेर लावली आणि सरकत्या जिन्यांनी वर गेलो.

तेथे, कांपो चौकातल्या नगरभवनात, मला टस्कनी प्रथमच निवांतपणे पाहायला मिळाली, तीही भिंतीवर. आंब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेल्या भित्तिचित्रात सुशासनाखालचे शहर आणि त्याच्या वेशीबाहेरचा मुलूख आहे. डोंगर, शेते, घोडेस्वार, आपले डुक्कर शहराकडे हाकत निघालेला एक शेतकरी. मी तो मुलूख इतका वेळ न्याहाळला की मंडळी कंटाळून जेवायला निघून गेली. वेशीवर सुरक्षेची देवता तरंगते आहे. तिच्या एका हातातल्या पटावर, सर्वांनी निर्भयपणे प्रवास करावा, अशा अर्थाचे आश्वासन आहे आणि दुसऱ्या हातात फाशी दिलेल्या माणसासकट वधस्तंभ आहे. झेड.टी.एल.चा मूळ आराखडा मला तेथे मिळाला.

सहल संपली तरी चालकाची सुटका होत नाही. परदेशी रहिवाशाला दंडाची नोटीस पाठवण्यासाठी इटालियन कायदा ३६० दिवसांची मुदत देतो आणि गाडी भाड्याने देणारे चालकाचे नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याचे पैसे सहसा वेगळे लावतात. त्यामुळे कासारवडवलीतल्या आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरची पत्रपेटी, जिच्याकडे मी पूर्वी ढुंकूनही पाहत नसे, ती हल्ली रोज संध्याकाळी मीच उघडतो. मेव्हण्यांचे नाव भाडेकरारात कोठेही नाही. ते सध्या नॉर्वेचे नकाशे पाहत आहेत.