पॉलिश नंतर, आधी पेट्रोलचा पाइप

मंडळी, दसऱ्यानंतरच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीची तयारी सुरू झाली आहे आणि क्लबमध्ये एकाच गोष्टीवरून वाद पेटलाय: गाड्यांच्या तपासणीत इंधनाचे पाइप सक्तीने बघायचे की नाही. माझं मत स्पष्ट आहे. ज्या गाडीचे रबरी पाइप ई-२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, टिकणारे नाहीत, ती सुरुवातीच्या रेषेवर उभीच करू नये. मग ती कितीही चकाचक असो आणि कुणाचीही असो.

पद्मिनी, हेराल्ड, जुनी अ‍ॅम्बेसेडर या गाड्या इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनल्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं आणि गाडी काही महिने उभी राहिली की सुकून तडकतं. वरून पाइप काळाभोर, ठणठणीत दिसतो. टोकाजवळ बोटांनी दुमडून बघा. बारीक भेगा उमटल्या की तो गेला. बऱ्याच गाड्यांत गाडीतला पेट्रोल ओढणारा पंप ते पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर हा तुकडा एक्झॉस्टपासून वीतभर अंतरावर असतो. तिथे पेट्रोल ठिबकलं तर पुढे काय होतं ते सांगायला नको.

पाइप घेताना त्यावर छापलेलं वाचा. ‘एसएई ३० आर ९’ या दर्जाचा हवा, त्याचं आतलं अस्तर इथेनॉलला दाद देत नाही. नुसतं ‘फ्युएल होज’ म्हणून दुकानदार देईल तो घेऊ नका. ज्या धातूच्या नळीवर पाइप चढतो तिचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा, ६ मिमीच्या नळीवर ८ मिमीचा पाइप क्लॅम्प आवळून बसवणं म्हणजे गळतीला आमंत्रण. क्लॅम्पही गोल वळवलेल्या कडांचा घ्या. खाचा असलेल्या साध्या पट्टीच्या कडा रबरात रुततात. पाइपसोबत पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, बदला आणि कार्बोरेटरचा फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता डबा, काढून कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट फुटलाय.

इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळही सोडवतं. त्यामुळे पहिल्या दोन-तीन टाक्यांत फिल्टर तुंबणारच, जादा फिल्टर गाडीत ठेवा. घोडबंदरला गायमुखच्या चढावर गाडी धापा टाकायला लागली की आपण पहिला संशय इग्निशनवर घेतो. आधी फिल्टर बघा.

दुसरा त्रास पाण्याचा. ठाण्याच्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी उभी केली की इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. पंपाची नळी ओढते तळातूनच, म्हणून गाडी सुरू होते आणि लगेच बंद पडते. टाकीच्या तळातून अर्धा लिटर काचेच्या बाटलीत काढा आणि १० मिनिटं ठेवा. दोन थर दिसले तर ती टाकी पूर्ण रिकामी करा, वरून नवं पेट्रोल ओतून भागत नाही.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे तेही घरी कळतं. १०० मिलीच्या मोजनळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्या, तोंड बंद करून हलवा, थांबा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर सुमारे २८ मिलीपर्यंत चढला तर ते ई-२०. हे उघड्यावर करा, आसपास सिगारेट किंवा स्विच नको.

आता जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोकाचं तोंड. ई-२० ला त्याच हवेत जास्त इंधन लागतं, म्हणून जुन्या सेटिंगवर मिश्रण विरळ होतं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. गाडी पिकअपला खोकते, इंजिन तापतं, स्पार्क प्लग पांढरा पडतो. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, ११५ म्हणजे १.१५ मिमी. एक पायरी वर, १२०, घाला, गाडी चालवून प्लग बघा. तांबूस करडा रंग आला की थांबा. भोक हाताने रिमरने मोठं करू नका, परतीचा रस्ता राहत नाही.

तीन हात नाक्यावरच्या गर्दीत पाइपातल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो म्हणून काही सदस्य इलेक्ट्रिक पंप बसवतात. बसवा, पण कार्बोरेटरला पुरतो तो ०.१५ ते ०.२५ बार दाबाचा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या निडल व्हॉल्व्हला ढकलून इंजिनवर पेट्रोल सांडतो. आणि धडकेत आपोआप बंद पाडणारा स्विच सोबत हवाच. इंजिन थांबलं तरी हा पंप फिरत राहतो.

‘ओरिजिनॅलिटी जाते’ या आक्षेपाबद्दल. ५० वर्षांपुढच्या गाड्यांसाठीचा २०२१ चा केंद्राचा नियम बघतो चॅसी, बॉडी शेल आणि इंजिनमधले बदल. रबरी पाइप त्यात मोडत नाही. क्रोमला गुण देताना जे परीक्षक पाइपवरच्या जुन्या कापडी विणीला दाद देतात, त्यांना माझं नम्र सांगणं आहे की ती वीण प्रदर्शनात मिरवू द्या, चालत्या गाडीत नको.

समितीपुढे माझा प्रस्ताव इतकाच आहे. तपासणी रॅलीच्या सकाळी नाही, आदल्या रविवारी; म्हणजे पाइप नापास झाला तरी वागळे इस्टेटमध्ये मेस्त्रीकडे जायला वेळ राहील. बॉनेट उघडून इंजिन १५ मिनिटं चालू ठेवायचं, मग प्रत्येक सांध्याला कोरडा टिश्यू लावायचा. ओला झाला की गाडी परत. शिवाय चालकाच्या हाताशी, धातूच्या पट्टीत पक्का बसवलेला एबीसी पावडरचा अग्निशामक. ज्यांना यातलं काही करायचं नाही त्यांनी टाकी रिकामी करून गाडी ट्रेलरवर आणावी, पाम बीचला प्रदर्शनाच्या रांगेत त्यांना जागा मिळायलाच हवी.