अत्रे चौक स्टेशनात पाणी समुद्रातून आलं नव्हतं

तो व्हिडिओ परत फिरायला लागलाय. 26 मे 2025, मुंबईच्या भुयारी मेट्रो 3 लाईनचं आचार्य अत्रे चौक स्टेशन, आत चिखलाचं पाणी. आणि खाली मजकूर असा की मुंबई भराव टाकून बनवलेली, इथे भुयारी स्टेशन बांधणं हाच वेडेपणा, समुद्र खालून आत शिरणारच, वर गिरगावच्या इमारती खचणार, त्यापेक्षा मेट्रो खांबांवरून नेली असती तर स्वस्तात झालं असतं. माझ्याकडे तीन ग्रुपवर आलाय, म्हणून एकदाच नीट लिहितो.

आधी पाण्याचं. ते खालून आलं नाही, वरून आलं, रस्त्यावरून. स्टेशनच्या एका प्रवेशद्वाराचं काम अजून चालू होतं, तिथे पाणी अडवायला उभारलेली भिंत त्या दिवशीच्या पावसात कोसळली आणि साचलेलं सगळं पाणी त्या वाटेने आत गेलं. मान्सून त्या वर्षी 26 मेलाच मुंबईत आला, नेहमीची तारीख 11 जून. पण पाऊस लवकर आला ही सबब मला पटत नाही, कारण प्रवासी आत घेतलेत ना, मग उघडा राहिलेला खड्डा पक्का बंद करायला नको होता? 10 मेला लोकांसाठी स्टेशन सुरू झालं आणि दोन आठवड्यांत ही अवस्था, याचा राग मलाही आहे. म्हणूनच "समुद्र आत शिरला" म्हणणाऱ्यांना सांगतो, तुम्ही दोष निसर्गावर ढकलताय आणि ज्यांनी अर्धवट काम ठेवून गेट उघडलं ते त्यात सुटतायत.

भरावाचं म्हणाल तर भराव आहेच, कफ परेडला तर उघड आहे. पण तो वरचा थर, त्याच्या खाली काळा बेसॉल्ट आणि त्याच्या जोडीचे खडक आहेत. स्टेशन खणताना आधी कडेने काँक्रीटचे पाईल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, एकमेकांना चिकटून खाली उतरवतात, त्यांची भिंत तयार झाली की मग आतली माती आणि खडक काढत जातात, शेवटी तळाचा स्लॅब, वॉटरप्रूफिंग, आणि तरीही जे पाणी झिरपतं त्याला पंप. जमिनीखाली पाणी असतंच, ते धरूनच डिझाईन होतं. याच लाईनचा बोगदा मिठी नदीखालून जातो हे त्या मजकुरात कुणी लिहीत नाही.

गिरगावबद्दल मात्र भीती पोकळ नाही. कोलकात्यात 2019 मध्ये बऊबाजारला मेट्रोचा बोगदा खणताना भूजल फुटलं, जमीन खचली, घरांना तडे गेले, लोक रातोरात बाहेर. तिथली जमीन गाळाची, आपल्याकडे खडक, हा मोठा फरक. पण खडक आहे म्हणून निर्धास्त राहायचं असंही नाही, म्हणूनच काळबादेवी-गिरगावला सगळा रस्ता उघडा न खणता नॅटम पद्धतीने, म्हणजे आतून थोडं थोडं खोदत आणि लगेच आधार देत स्टेशनं केली. काही जुन्या इमारती तरी पाडाव्याच लागल्या. माझी मावशी तिथलीच, शेजारची बिऱ्हाडं सामान बांधून गेली तेव्हा आठवडाभर तिला धड जेवण गेलं नाही. त्या लोकांना त्यांच्याच भागात वेळेत घर मिळालं का, हे विचारा ना, तो खरा प्रश्न आहे.

या लाईनचा खर्च वाढला, खरंय, 23,136 कोटींवरून 37,276 कोटींवर गेला आणि त्याचा हिशोब मागायलाच हवा. पण खांबांवरून कुठून नेणार होतात? काळबादेवीचा रस्ता बघितलाय का, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हात बाहेर काढला तर खांबांवरच्या मेट्रोच्या पुलाला लागेल, आणि तेवढी जागा करायची तर याहून कितीतरी जास्त चाळी पाडाव्या लागल्या असत्या.